इंग्रजी क्रियापदांची किल्ली मराठींतच

परीक्षा जवळ आली कीं आपल्यांतील पुष्कळ विद्यार्थी इंग्रजी जोडक्रियापदांच्या याद्या घोकूं लागतात. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतें घेणें, ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें. परीक्षा संपतांच यादी विसरली जाते आणि ‘इंग्रजी आपणांस साधणार नाहीं’ ही भीति मात्र मनांत ठाण मांडून बसते. आमच्या मतें हा दोष बुद्धीचा नसून पद्धतीचा आहे.

‘गिव्ह अप’ यांत देणेंही नाहीं आणि वरही नाहीं, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. परंतु धाराशिवचा शेतकरी ‘पावसानें ओढ दिली’ म्हणतो, तेव्हां तेथें तरी कोण कोणास काय देतो? ‘पावसानें दडी मारली’ यांत मार कोणास बसतो? ‘तो बोलला’, ‘तो बोलून गेला’ व ‘तो बोलून बसला’ यांतील भेद आपण कोणत्या यादींतून शिकलों? प्रसंग पाहिला, वाक्य ऐकलें आणि अर्थ मनांत ठसला.

सारख्या भासणाऱ्या शब्दांचेंही तसेंच आहे. ‘लूझ’ म्हणजे गमावणें आणि ‘लूस’ म्हणजे सैल, हा भेद अवघ्या एका ध्वनीचा. पण ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘पाणी’ व ‘पाणि’ यांत तरी अंतर किती आहे?

खेड्यांतील मुलाच्या कानांवर इंग्रजी फारसें पडत नाहीं, हें खरें. शिवाय सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही उर्दूंतूनच शिकावें लागे. आज तो अडसर नाहीं. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. वर्षें वाढलीं, आतां रीत बदलावी.

म्हणून विद्यार्थ्यांनीं रोज एकच क्रियापद घ्यावें व तें आपल्या अनुभवाच्या वाक्यांत योजावें. विहीर आटली तर ‘ड्राय अप’, पेरणी लांबणीवर टाकली तर ‘पुट ऑफ’. मग मराठींत ही गोष्ट कशी बोलतों, तें शेजारीं लिहावें. ज्यानें स्वभाषेच्या खुब्या न्याहाळल्या, त्यास परभाषेच्या खुब्यांचें भय वाटत नाहीं. इंग्रजीसाठीं मराठीकडे पाठ फिरविणारा मात्र हातांतील किल्ली टाकून कुलुपाशीं झगडत राहतो.