पेटीवरचे नाव आणि फळावरचा शिक्का

देवगड हापूसच्या प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचा शिक्का लावण्याची मोहीम जामसंड्याच्या देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025च्या हंगामात हाती घेतली. कारण उघड होते. पेटीवर ‘देवगड’ छापले की आतला आंबा कुठलाही असला तरी खपत होता, आणि कातळावर कलमे जगवणाऱ्याच्या नावावर भलताच माणूस पैसा करत होता. बाजाराला प्रामाणिकपणाचे धडे देत बसण्यापेक्षा फळ कोणाच्या बागेतले ते कळावे, अशी सोय संस्थेने केली. शाळा-कॉलेजांतला गटप्रकल्प हीदेखील अशीच एक पेटी आहे. वर गटाचे नाव असते. आत कोणाचे किती, ते कोणी पाहत नाही. आणि मग मुलांना गोडी उरली नाही म्हणून सगळे हळहळतात.

या हळहळीमागचा युक्तिवाद असा : हल्लीची मुले मोबाइलमध्ये बुडालेली, कष्टाला नाखूश, म्हणून त्यांना सतत उत्तेजन द्यावे, चांगला गटप्रमुख नेमावा, शेवटी प्रमाणपत्र द्यावे. हे निदान तपासायला प्रकल्पाची एखादी वही उघडावी. अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ विषयाची नेहमी दिसणारी वही घ्या. मुखपृष्ठावर रंगीत प्रिंट, खाली सहा नावे, आत ऋणनिर्देश, प्रस्तावना, प्रदूषणाचे प्रकार, उपाय, निष्कर्ष. नावे सहा, अक्षर एकच. बहुधा ज्या मुलीचे अक्षर सुरेख तिचे. मजकुरात ना देवगडची खाडी, ना सड्यावरची आटलेली विहीर. उरलेल्या पाच जणांना आळशी म्हणणे सोपे आहे. पण अशीच मुले गणपतीच्या मखरासाठी रात्र जागवतात, हंगामात झेला घेऊन कलमावर चढतात. अंगात आळस असता तर तो तिथेही दिसला असता. वहीत मात्र त्यांनी अचूक हिशेब केला : केले काय, न केले काय, गुण सारखेच.

हा हिशेब हल्लीचाही नाही आणि मोबाइलचाही नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष 1913 साली छापले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने लावलेल्या जोराच्या निम्म्यावर येत होता. काही घट ताळमेळ नसल्याने होती, हे खरे. म्हणून 1979मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे डोळे बांधले, कानांवर हेडफोन चढवले आणि ‘सगळे मिळून ओरडा’ असे सांगून प्रत्यक्षात एकेकट्यालाच ओरडायला लावले. ताळमेळाचा प्रश्नच उरला नव्हता, तरी आवाज उतरलाच. दोन वर्षांनी त्याच तिघांनी औषधही दाखवले : आपला आवाज वेगळा मोजला जातो, हे कळताच कसर थांबली. उत्तेजनाचे एकही भाषण त्यासाठी लागले नाही.

बक्षिसांचे काय? 1973मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात ती मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. असलेली गोडी प्रमाणपत्राने घटते, तर नसलेली ते कुठून आणणार? गटप्रमुखाचा उपाय तर त्या सुरेख अक्षराच्या मुलीवरच आणखी एक ओझे टाकतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, प्रत्येकाच्या हाती असा तुकडा द्यावा की जो इतर कोणाकडे नाही. एलियट ॲरनसन यांनी 1971मध्ये टेक्सासातील ऑस्टिनच्या वर्गांत हेच केले : एका धड्याचे तुकडे मुलांत वाटले, प्रत्येकाने आपला तुकडा बाकीच्यांना शिकवायचा. एकाने कच्चे ठेवले की सगळ्यांचे अडे. दुसरी गोष्ट, काम कोणाच्या तरी उपयोगी पडावे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला 1983मध्ये डॉ. कलबागांनी उभा केलेला विज्ञान आश्रम याच पायावर उभा आहे; तिथल्या शिक्षणक्रमात मुले गावाला लागणारी कामे मोबदला घेऊन करतात. जामसंड्यात यासाठी दूर जावे लागत नाही. चौघांचा गट, एकच बाग : एकाने ठरावीक कलमांच्या मोहोराची दर आठवड्याला नोंद करायची, दुसऱ्याने रोजचे तापमान टिपायचे, तिसऱ्याने तुडतुडे मोजायचे, चौथ्याने फवारणीचा खर्च विचारून लिहायचा. एक नोंद गळली तर उरलेल्या तिन्हींतून अर्थ निघणार नाही. आणि शेवटी ते सगळे बागायतदारांसमोर वाचायचे. ज्याचे पोट मोहोरावर आहे, तो माणूस पहिल्याच प्रश्नात खोटी नोंद पकडतो.

आक्षेप येतील. साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम डोक्यावर, एकेकाचे कोण तपासणार? पण सजवलेल्या वह्या चाळण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या तुकड्यावर दोन प्रश्न विचारणे फार महाग पडत नाही. दुसरा आक्षेप असा की कामचुकार सोबती बाहेरच्या जगातही भेटतात, मुलांना त्याची सवय होऊ द्या. मान्य, पण पुढे भेटणार म्हणून शाळेनेच कामचुकारपणाला गुण द्यायचे कारण नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे : वाट्यांचे हिशेब मांडले की आपलेपणा मरेल. त्याचे उत्तर मालवण किनाऱ्यावरच्या रापणीच्या मासेमारीत आहे. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ते ओढतात. दोर रिंगेलमानचाच. पण जाळे वाळूवर आले की जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा वाटा सर्वांदेखत पडतो, आणि उद्या त्याच माणसांबरोबर पुन्हा दोर धरायचा असतो. तो वाटा चोख पडतो म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका दोराला लागत आली. एकोपा हिशेबाने मोडत नाही, हिशेब बुडवल्याने मोडतो. सहा नावांखाली एकटीनेच पाने भरणाऱ्या मुलीला हे कोणी समजावून सांगायला नको.