पाहुण्यांना मुंबई दाखवताना



सहा डिसेंबरच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्याकडचे नातेवाईक आपल्या खोल्यांतून उतरतात. चैत्यभूमीवर अभिवादन होते, पुस्तके-कॅलेंडरे घेतली जातात आणि मग पाहुणा म्हणतो, "आलोच आहोत तर जरा मुंबई दाखवा." आपण काय दाखवतो? गेट वे, राणीची बाग, जुहू चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले. समुद्र जरूर दाखवावा. गावाकडच्या म्हातारीने पहिल्यांदा समुद्र पाहिला की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण बंगल्याच्या बंद फाटकासमोर तासभर उभे राहून काय मिळते, ते त्या फाटकालाच ठाऊक!

तो वेळ वाचवून एक सबंध दिवस कान्हेरीसाठी काढा. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ही लेणी आहेत. फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत जावे लागते, त्यासाठी बस मिळते. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी. जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्खुसंघ नांदला. तरीही कोणीतरी मुलांना सांगतोच की, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. आपलीही मुले माना डोलवतात, कारण घरात त्यांना दुसरे कोणी सांगितलेले नसते.

कोणी कोरविली, हे दगडावरच लिहिले आहे. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी करविले. तेथील ओसरीत बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती वीस फुटांहून उंच आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. पण मला व्यापाऱ्यांपेक्षा दुसरी दोन नावे अधिक मोलाची वाटतात. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची एक पोढी, म्हणजे टाके, दान दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाचे नाव राजाच्या नावाबरोबर त्याच डोंगरावर कोरलेले आहे! भिक्षुणींची दानेही आहेत. माताभगिनींनी हे मुलींना आवर्जून सांगावे.

टाकी नीट दाखवा. कातळावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी लेण्यापुढच्या टाक्यात उतरवले आहे. पहाटे उठून नळावर हंडे लावणाऱ्या आपल्या लोकांना ती कारागिरी अभियंत्यापेक्षा लवकर कळेल. चैत्यगृहात त्रिशरण-पंचशील घ्या, पण भोंगा नको. आणि हात जोडून सांगतो, भिंतीवर बाण काढलेले बदाम आणि आपली नावे कोरू नका. नंदाने नाव कोरले, पण आधी वाट करून दिली होती!

दुसरा दिवस हाताशी असेल तर दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह पाहावे. फोर्टातल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची इमारत निदान बाहेरून दाखवावी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली हे महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग होते. तेथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. आपली कितीतरी कुटुंबे तेथूनच रोज लोकलला लोंबकळत येतात, त्यांना तरी हे ठाऊक असावे.

थोडे व्यवहाराचे. सोमवारी उद्यान बंद असते. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे, मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, म्हाताऱ्या माणसांना वरच्या पायऱ्या चढायला लावू नका. आणि भाकऱ्यांची पिशवी हातात लोंबती ठेवू नका. तिथली माकडे फार धीट आहेत.