अपघाताचा अहवाल कोण वाचतो?

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस कंपनीत भीषण स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. दोन्ही वेळी कामगारांचे बळी गेले, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, मदत जाहीर झाली आणि चौकशीचे आदेश निघाले. कंपनीचे नाव बदलले की जुनी बातमी पुन्हा छापता यावी, अशी ही स्थिती आहे. आपल्या धर्मप्रांतातील कित्येक कुटुंबांची चूल तारापूर-बोईसर आणि वसईच्या कारखान्यांवर पेटते. चौकशीच्या अहवालाचे पुढे काय होते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस केवळ सरकारदरबारचा वाटत नाही.

ज्या अहवालाने खरोखर काही घडवले, अशा एका दुर्घटनेकडे पाहू. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे दगावली. कारण ऐकले तर क्षुल्लक वाटेल. दिवसपाळीतील कामगारांनी एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी लोखंडी चकती बसवली होती. काम अपुरे राहिले. त्याची नोंद असलेला परवाना रात्रपाळीच्या हाती पोहोचला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हाच पंप सुरू केला. वायू गळला आणि त्याने पेट घेतला. पाणबुडे पाण्यात उतरत असल्यामुळे आग विझवणारे पंप आपोआप सुरू होणार नाहीत, अशा स्थितीत ठेवलेले होते. शेजारच्या दोन फलाटांवरून तेल येतच राहिले, कारण ते थांबवण्याचा निर्णय कोणी घ्यायचा हेच तेथील अधिकाऱ्यांना स्पष्ट नव्हते. अनेक जण निवासकक्षात सूचनेची वाट पाहत धुराने गुदमरले. सूचना आलीच नाही.

लॉर्ड कलन यांनी चौकशी केली व नोव्हेंबर १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्या सर्व स्वीकारल्या गेल्या. तेल उत्पादन वाढवणे आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे एकाच सरकारी खात्याकडे होती, ती वेगळी करण्यात आली. आपला फलाट सुरक्षित का आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९९२ च्या नियमांनी कंपनीवरच टाकली. कोणावरही फौजदारी खटला मात्र चालला नाही. मृतांच्या नातलगांना याचे शल्य राहिले, व ते आम्हांस समजते. न्याय आणि धडा या दोन्ही गोष्टी हव्यात. परंतु एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे चौकशीचा पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ असा असतो. एखादा ऑपरेटर वा पर्यवेक्षक सापडला की फाईल मिटते. त्या रात्री पंप सुरू करणारा माणूस बेफिकीर नव्हता. त्याच्यापर्यंत माहिती पोहोचू न देणारी पद्धत सदोष होती. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाल्याचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते काय, हा तर्क प्रभू येशू नाकारतो आणि पश्चात्तापाची हाक ऐकणाऱ्यांनाच देतो. प्रायश्चित्तकाळात आम्ही धर्मगुरू या उताऱ्यावर प्रवचन करतो. बुरूज का कोसळला असेल, हे मात्र आमच्या मनात क्वचितच येते.

पायपर अल्फाची आणखी एक बाब अस्वस्थ करते. आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, तेथे एक कामगार मृत्युमुखी पडला होता, आणि त्याही वेळी परवान्यातील व पाळी बदलतानाच्या माहितीतील त्रुटी पुढे आल्या होत्या. धडा कागदावर उतरला होता, फलाटावर पोहोचला नव्हता.

अंतराने तर धडे आणखी उशिरा पोहोचतात. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरातून सावरत असताना, ‘बॉम्बे हाय’वर समुद्र सुरक्षा हे जहाज फलाटावर आदळले. जखमी कामगाराला उपचारासाठी वर पोहोचवण्याकरिता ते जवळ आले होते. वायूची नळी फुटली, फलाट जळून समुद्रात कोसळला, २२ जण गेले. महापुराच्या बातम्यांत ही बातमी बुडाली. सागरी तेलकामासाठी आपल्याकडे स्वतंत्र सुरक्षा-नियम आले ते २००८ मध्ये, पायपर अल्फानंतर वीस वर्षांनी. भोपाळची कथा याहून कठोर आहे: वायुगळतीनंतर नेमलेला न्या. एन. के. सिंह आयोग १९८५ च्या डिसेंबरात काम पुरे होण्याआधीच गुंडाळण्यात आला.

कामगाराच्या आरोग्यास बाधक नसलेले कामाचे ठिकाण हा त्याचा हक्क आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेरसेन्स’ या परिपत्रकात नमूद केले आहे. त्या हक्कात मागील अपघाताचा अहवाल वाचायला मिळणे आम्ही धरतो, तोही मराठीत आणि कारखान्याच्या फलकावर. थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची माहिती देणाऱ्याची हजेरी वा ठेका जाणार नाही, ही हमीही त्यातच येते. कंत्राटी कामगाराला आज ती हमी नसते, म्हणून तो गप्प राहतो.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, निवृत्त अभियंते आहेत, कामगार चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. गेल्या दहा वर्षांत आपल्या परिसरात झालेल्या स्फोटांचे अहवाल त्यांनी मागावेत. मिळतील ते आम्ही येथे सोप्या मराठीत प्रसिद्ध करू, आणि जे नाकारले जातील त्यांची यादीही देऊ.