जुने घाव आणि म्हातारपणीचा विसर

प्रत्येक वस्तीत असे एखादे तरी घर असते. आजी सकाळी काय खाल्ले ते विसरते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते आणि रात्री दचकून उठून ‘दार लावा, ते आले’ म्हणून ओरडते. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, बाहेरचे आहे, कुणाला तरी दाखवा. आम्हाला हे दोन्ही मान्य नाही. दुःखाला कारण असते, ही तथागतांची शिकवण. तेव्हा कारण शोधू या.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण अधिक आढळले.

मनावरच्या जुन्या घावाचाही याच्याशी संबंध दिसतो. अमेरिकेत १ लाख ८१ हजार माजी सैनिकांवर सात वर्षे लक्ष ठेवले गेले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनातून युद्धासारख्या आघाताची भीती गेली नव्हती आणि तो आजार बनला होता, त्यांच्यात शंभरात दहा-अकरा जणांना स्मृतिभ्रंश झाला. इतरांत हे प्रमाण सहा-सात होते. सततच्या धास्तीने झोप मोडते, रक्तदाब वाढतो, माणूस चारचौघांत मिसळेनासा होतो, कुणी दारूकडे वळतो. या सगळ्याचा भार मेंदूवर पडतो.

आता आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहा. त्यांनी १९७२ चा दुष्काळ सोसला. १९७८ साली नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळताना अनेकांनी पाहिली. ‘तुमच्या मनाला काय झाले?’ असे त्यांना कोणी विचारले? त्यांनी अश्रू गिळले आणि आपल्याला शिकवले.

म्हणून घाबरून जायचे असे नाही. आघात सोसलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू-दारू सोडणे, कमी ऐकू येत असल्यास कानाचे यंत्र लावणे, चालणे, माणसांत राहणे, याने धोका कमी होतो. थायरॉइडचा दोष, बी-१२ ची कमतरता किंवा उदासीनता यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून मांत्रिकाकडे न जाता सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो.

आजाराने नवे पुसले जाते, जुने टिकून राहते. आजी ओरडते तेव्हा तिच्यासाठी ती जुनी रात्र आजच असते. तिच्याशी वाद घालू नका. दिवा लावा, हात धरा, ‘मी आहे, आई’ एवढेच म्हणा. तिला खोलीत कोंडू नका. आणि सारा भार एकट्या सुनेवर टाकू नका. लेकांनीही रात्री जागावे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. तिथे या वडीलधाऱ्यांना हाताला धरून न्या, पुढे बसवा. त्यांना बोलायचे असेल तर बोलू द्या. समाजाचा इतिहास त्यांच्या मनात आहे. तो पुसला जाण्याआधी आपण ऐकला पाहिजे.