तीन लाखांचा फुल फ्रेम की खिशातला कॅमेरा? केजमधल्या धुळवडीवरून आणि लग्नावरून समजून घ्या

केज तालुक्यातलं विडा हे गाव वर्षातून एकदा सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर दिसतं. धुळवडीच्या दिवशी इथे जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. प्रथा आठ-नऊ दशकांची असल्याचं सांगितलं जातं. होळीच्या तीन-चार दिवस आधीपासून जावयाचा शोध सुरू होतो, सापडलेला जावई पळून जाऊ नये म्हणून त्याच्यावर पहारा ठेवला जातो आणि मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपली की त्याला नवे कपडे देऊन मान केला जातो. जावई बिचारा रंगाने माखलेला, गाढव वैतागलेलं आणि अवतीभवती शंभर हात वर. त्यातल्या बहुतेक हातांत मोबाईल असतो.

पण दरवर्षी या गर्दीत दोन वेगळे कॅमेरेही दिसू शकतात. एक म्हणजे लग्नाची कामं घेणाऱ्या पोरांचा गळ्यातला मोठा मिररलेस. दुसरा म्हणजे इन्स्टाग्रामच्या नादाने कपाटातून बाहेर काढलेला किंवा हल्ली नव्याने घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा. यातला कोणता घ्यावा, हा प्रश्न सोशल मीडियावर रोज कुणीतरी विचारतो. उत्तरं बहुतेक मेगापिक्सेलमध्ये येतात आणि तिथेच गडबड होते.

छोटे कॅमेरे परत का आले?

मोबाईलने छोट्या कॅमेऱ्याचा धंदा अक्षरशः बसवला होता. जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना ‘सिपा’ दरवर्षी किती कॅमेरे बाजारात गेले ते जाहीर करते. २०१० साली हा आकडा १२ कोटींच्या वर होता आणि त्यातले जवळपास ११ कोटी कॅमेरे लेन्स न बदलता येणारे, म्हणजे मुख्यतः खिशातले होते. २०२४ मध्ये सगळे मिळून सुमारे ८५ लाख कॅमेरे गेले, त्यात छोटे साधारण १९ लाख. मात्र २०२३ मध्ये हेच छोटे १७ लाखांच्या आसपास होते. म्हणजे घसरण थांबली आणि आकडा वर सरकला.

कारण तांत्रिक नाही. मोबाईलचा फोटो अति गुळगुळीत वाटायला लागलेल्या पिढीला जुन्या सायबरशॉट, कूलपिक्सचा कडक फ्लॅशवाला, थोडा खरखरीत फोटो आवडू लागला. कॅननने तर २०१६ चा एक छोटा कॅमेरा किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणला, तोही आधीपेक्षा जास्त किमतीला. कोडॅकच्या नावाने त्याच वर्षी आलेला ‘चारमेरा’ किल्लीच्या जुडग्याला अडकवण्याएवढा आहे आणि १.६ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. आज कुठलाही स्वस्त मोबाईल त्याच्यापेक्षा स्वच्छ फोटो देईल. तरी लोक घेतात.

फुल फ्रेम म्हणजे नेमकं काय?

जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फोटोची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तेवढ्याच आकाराचा सेन्सर म्हणजे फुल फ्रेम. मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. हे दोन्ही एकत्र करून सोनीने २०१३ मध्ये अल्फा ७ आणला. कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये उतरले. आज केजच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावात लग्नाचं काम करणारा नवा फोटोग्राफर याच कॅमेऱ्याकडे डोळे लावून असतो.

आता आकार बघा. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरतं. चांगल्या खिशातल्या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ सेन्सर असतो, जो एक इंच वगैरे अजिबात नसतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून आलंय आणि अजून लोकांना फसवतंय. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. जुन्या सायबरशॉटसारख्या कॅमेऱ्यांत तर जेमतेम २८.

पावसात अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात जमेल हे सांगायला नको. प्रकाशाचंही तसंच. बाकी सगळं सारखं ठेवलं तर फुल फ्रेमवर एक इंची सेन्सरच्या साधारण साडेसात पट प्रकाश जमतो. जेवढा प्रकाश जास्त, तेवढे फोटोतले दाणे कमी.

मग मोठाच घ्यायचा ना? इथेच खरी मेख आहे

‘बाकी सगळं सारखं’ कधीच नसतं. सेन्सरपर्यंत किती प्रकाश पोहोचवायचा हे लेन्स ठरवते आणि बजेट संपल्यावर माणूस लेन्सवरच पैसे वाचवतो.

सोनीचा अल्फा ७ मार्क फोर हा लग्नाच्या कामात बराच दिसणारा कॅमेरा घेऊ. त्याच्यासोबत खोक्यात मिळणारी २८-७० ची किट लेन्स एफ ३.५ ते ५.६ अशी आहे. कॅननचा खिशातला जी७ एक्स मार्क थ्री २०१९ चा. त्याची लेन्स एफ १.८ ते २.८, म्हणजे बरीच जास्त उघडणारी. सेन्सरच्या आकारातला फरक हिशोबात धरून ही १.८ फुल फ्रेमवर मोजली तर साधारण ४.९ एवढी भरते. आता ३.५ आणि ४.९ समोरासमोर ठेवा. साडेसात पटींचा फायदा जेमतेम दुपटीवर येतो. दोन लाखांच्या वरची बॉडी घेऊन त्यावर किट लेन्स लावणं म्हणजे पाच एचपीची मोटार बसवून अर्ध्या इंची पाइप जोडणं.

हेच त्या बॉडीवर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, जी वीस हजारांच्या आसपास मिळते, तर फरक दहा पटींच्या वर जातो. रात्रीची हळद, मंडपाच्या पिवळ्या कापडाखाली एक हॅलोजन आणि चार रंगीत माळा, नवरी हलतेय, बहिणी नाचतायत. इथे खिशातल्या कॅमेऱ्याने फ्लॅश न मारता काढलेला फोटो एकतर हलणार किंवा दाणेदार येणार. म्हणून लग्नाचं काम करणाऱ्याने बॉडी एक पायरी खालची घेतली तरी चालेल, लेन्स नाही.

विड्याच्या मिरवणुकीत मात्र गणित उलटतं

मार्चमधल्या सकाळी केजमध्ये प्रकाशाची कमतरता नसते. तिथे मोठ्या सेन्सरचा सगळ्यात मोठा फायदा जवळपास निरुपयोगी ठरतो. उलट उन्हामुळे जावयाच्या डोळ्यांवर काळी सावली पडते आणि ती उजळायला भर उन्हात फ्लॅश मारावा लागतो. अल्फा ७ मार्क फोरसारख्या कॅमेऱ्याचा शटर सर्वसाधारणपणे सेकंदाच्या २५० व्या भागापर्यंतच फ्लॅशशी जुळतो. त्याहून वेगाने जायचं तर खास फ्लॅश हवा आणि त्याचीही ताकद कमी होते. खिशातल्या अनेक कॅमेऱ्यांचा शटर लेन्समध्येच बसवलेला असतो, तो कितीतरी जास्त वेगाला फ्लॅशशी जुळतो. जवळच्या माणसासाठी त्यांचा इवलासा फ्लॅश पुरतो.

वजनाचंही आहेच. अल्फा ७ मार्क फोर आणि त्यावर सोनीची चांगली २४-७० लेन्स (जी मास्टर टू) मिळून १.३५ किलोच्या पुढे जातं. जी७ एक्स ३०४ ग्रॅमचा. गाढवाच्या मागे धावताना हा फरक खांद्याला कळतो. शिवाय गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की लोक पोझ देतात, छोट्याकडे फारसं कुणी बघत नाही.

पण रंगाच्या बाबतीत छोटा हरतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. त्याची लेन्स चालू केली की नळीसारखी बाहेर येते, बंद केली की आत जाते. या ये-जा करण्यात कोरडा रंग आत ओढला जाऊ शकतो आणि एकदा सेन्सरवर बसला की घरी पुसता येत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. मोठ्या कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधायची आणि मिरवणूक संपेपर्यंत लेन्स बदलायची नाही, एवढं पाळलं तर तो बऱ्यापैकी सुखरूप राहतो.

फोटो शेवटी दिसणार कुठे?

इन्स्टाग्रामवरचा नेहमीचा उभा फोटो १०८० बाय १३५० पिक्सेलचा, म्हणजे दीड मेगापिक्सेलही नाही. ३३ मेगापिक्सेलचा फोटो तिथे टाकला की बाकीचे पिक्सेल बाहेरच राहतात. व्हॉट्सॲपवर एचडी न निवडता पाठवला तर आणखी दाबला जातो. फक्त पोस्ट आणि रील यासाठी फुल फ्रेम घेणाऱ्याला पार्श्वभूमी धूसर मिळेल, रात्रीचे फोटो बरे मिळतील, पण ‘क्लॅरिटी’ म्हणून जे सांगितलं जातं ते मोबाईलच्या पडद्यावर फारसं दिसणार नाही.

अल्बमची गोष्ट वेगळी. लग्नाच्या करिज्मा अल्बमचं उघडलेलं पान बऱ्याचदा १२ बाय ३६ इंचांचं असतं. त्याच्या अर्ध्या भागात, १२ बाय १८ मध्ये, एकच फोटो चांगल्या छपाईच्या ३०० डीपीआयने बसवायचा तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. जी७ एक्सचा फोटो ५४७२ बाय ३६४८ चा. म्हणजे अगदी काठोकाठ बसतो, कापायला जागा उरत नाही. नवरा-नवरीचा एकच फोटो दोन्ही पानांवर पसरायचा असेल, तर मोठ्या कॅमेऱ्याला पर्याय नाही.

पैसे कोण भरणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले आणि मोठे टीव्ही, एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, तेव्हा कॅमेरेही स्वस्त होतील अशी अनेकांची समजूत झाली. तसं झालं नाही, कारण डिजिटल कॅमेरे १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. छोटा असो वा मोठा, दर एकच. दोन लाखांच्या बिलात साडेतीस हजार रुपये कर असतो. जीएसटी नोंदणी असलेला व्यावसायिक तो आपल्या करातून वळता करू शकतो. पण सेवा व्यवसायात वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नाही आणि तालुक्याच्या गावातले बहुतेक फोटोग्राफर याच गटात मोडतात. त्यांच्यासाठी हे साडेतीस हजार गेलेच.

बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, कार्ड धरून तीन लाख झाले आणि २४ हप्ते केले, तर व्याज सोडूनही महिन्याला साडेबारा हजार. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मासात लग्नं जवळपास नसतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे त्यांच्या घरची कार्यं एप्रिल-मेमध्ये दाटीने येतात. काम असं चार-पाच महिन्यांत कोंबलेलं आणि हप्ता बाराही महिने. पाऊस दगा देतो त्या वर्षी लग्नाच्या खर्चात काटछाट होते, तेव्हा फोटोग्राफरचं पॅकेज आधी कापलं जातं.

तरीही लग्नाची कामं घेणाऱ्याने खिशातल्या कॅमेऱ्यावर भागवू नये, आणि याचं कारण फोटोचा दर्जा हे नाहीच. अल्फा ७ मार्क फोरमध्ये दोन कार्ड बसतात, एकाच वेळी दोन्हींवर फोटो साठवता येतात. खिशातल्या कॅमेऱ्यात कार्ड एकच. ते उडालं तर मंगळसूत्राचा फोटो परत काढता येत नाही आणि त्या घरची भांडणं वर्षभर पुरतात. बॅटरीही बघा: मोठा एका चार्जवर पाचशेच्या वर फोटो काढतो, जी७ एक्स साधारण २३५. त्याचा फोर के व्हिडिओ दहा मिनिटांच्या आत थांबतो, म्हणजे भटजींची मंगलाष्टकं संपायच्या आधीच.

मधला रस्ता बरेच जण काढतात तो असा: सेकंड हॅन्ड फुल फ्रेम बॉडी, शटर किती वेळा पडलंय ते तपासून, आणि त्यावर नवी ५० ची लेन्स. दुसरी बॉडी लागेल त्या दिवशी भाड्याने. आणि ज्याला लग्नं घ्यायचीच नाहीत, फक्त विड्याची मिरवणूक, मांजरा धरणावरची संध्याकाळ आणि मित्रांच्या ट्रिपा टिपायच्या आहेत, त्याने आधी घरातलं जुनं कपाट उघडून बघावं. २०१० च्या आसपासचा एखादा कूलपिक्स त्यात पडलेला असू शकतो. बॅटरी फुगलेली नसेल आणि कार्ड चालत असेल, तर खर्च शून्य.