ऐकीव नको, वाचून बोला

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगराजवळ रबरी होडीतून दहा अतिरेकी उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते इथल्याच कोळ्यांनी. समोर आलेल्याला थेट विचारायचे, ही किनाऱ्याची रीत.

धर्माच्या, विशेषतः इस्लामच्या, बाबतीत मात्र आपण ऐकीव गोष्टींवर विसंबतो. कुराणाच्या अनुवादांचेच पाहा. 1647 साली आंद्रे द्यु रिए यांनी कुराण थेट अरबीतून फ्रेंचमध्ये आणले. 1649 ची इंग्रजी आवृत्ती मात्र या फ्रेंच पुस्तकावरून बेतली गेली, त्यामुळे चुकाही सोबत आल्या. 1734 मध्ये जॉर्ज सेल यांनी पुन्हा मूळ अरबी गाठले आणि द्यु रिए यांच्या चुका दाखवल्या.

मराठीत साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृति’ आहे. मत बनवण्याआधी निदान तेवढे तरी वाचा.