आधी दुरुस्ती, मग हौस

पांढुर्णा-सौंसरकडे ज्यांच्या घरी कपाटावर एखादी इलेक्ट्रिक गिटार पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काकाने कधीकाळी ऑर्केस्ट्रात वाजवलेली असेल, थोरल्या भावाने कॉलेजात असताना हट्टाने घेतलेली असेल. आता तारा गंजल्यात, आवाज येत नाही, म्हणून घरात ती विकायची भाषा सुरू झाली असेल. विकू नका. आधी दुरुस्त करा, महिनाभर वाजवा, आणि मगच तिच्यात काय बदलायचं ते ठरवा. आपल्याकडची पोट्टी नेमकं उलटं करतात. आवाज बिघडला की थेट नवा पिकअप मागवतात, आणि तो बसवायला गिटार उघडली की कळतं, जॅकची एक वायर सुटली होती, बस.

गिटार उघडायला घाबरू नका. साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या पोटात शॉक बसेल अशी वीज नसते. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. वर स्टीलची तार हलली की त्यात व्होल्टचा अगदी लहानसा अंश तयार होतो, आणि तेवढाच जॅकमधून बाहेर जातो. अॅम्पचं मात्र तसं नाही. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज साठलेला राहू शकतो. तिथे हात घालू नका, ते जाणकाराचं काम.

केबलची पिन हलवली की आवाज ये-जा करत असेल, तर दोष बहुधा जॅकमध्ये असतो. त्याची पत्ती सैल झालेली असते किंवा सोल्डर सुटलेलं असतं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ बसली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. ही कामं गावातला रेडिओ-टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणारा माणूस करू शकतो. गिटार कधी पाहिली नसली तरी सोल्डरवर त्याचा हात तुमच्याहून चांगला बसलेला असतो. फक्त उघडण्याआधी आणि उघडल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे होती हे नंतर कुणालाच आठवत नाही.

पिकअप मेला की जिवंत आहे, हे मल्टिमीटर सांगतो. साधारण पाच ते पंधरा किलोओहम दाखवले तर तो धडधाकट. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. संत्र्याच्या बागांचे पंप भरून देणारे मोटार वाइंडिंगवाले आपल्याकडे आहेत, पण पिकअप त्यांच्या हाती देताना विचार करा. मोटारीची तार जाड, ही इतकी बारीक की बोटाच्या झटक्याने तुटते. असं वाइंडिंग करणारा शोधायला नागपूर किंवा मुंबई गाठावी लागेल.

नेकची गोष्ट वेगळी, आणि आपल्या हवेत ती सगळ्यात महत्त्वाची. सहा तारांचा मिळून चाळीस किलोच्या आसपास ताण त्या लाकडावर रात्रंदिवस असतो. त्यात मे महिन्यात आपल्याकडची हवा लाकडातलं पाणी शोषून घेते, आणि पावसाळा ते परत भरतो. उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. पावसाळ्यात नेक वाकते, तारा वर उचलल्या जातात किंवा फ्रेटला लागून झणझणतात. लोक म्हणतात गिटार खराब झाली. खराब झालेली नसते, ऋतू बदललेला असतो.

यासाठी नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असली तर सळईला हात लावायचं कारण नाही. फट जास्त असेल तर सळई कसायची, तार टेकत असेल तर सैल करायची. एका वेळी पाव फेराच, आणि मग पुन्हा ट्यून करून एक रात्र थांबायचं. सळई जड फिरत असेल तर जोर लावू नका. ती तुटली तर दुरुस्ती गिटारीच्या किमतीवर जाते.

आणि गिटार कूलरसमोर ठेवू नका. हे इतकं साधं आहे, तरी उन्हाळाभर आपल्या घरांत तेच चालतं. कूलरची ओली हवा तारा आणि ब्रिजचे स्क्रू गंजवते. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवणं तर त्याहून वाईट.

आता हौस. गिटार बदलू नये असं मी मुळीच म्हणत नाही. विश्वमोहन भट्टांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली आणि 1994 साली राय कूडरसोबत ग्रॅमी मिळवलं. इंग्लंडच्या ब्रायन मे यांनी तर 1963 साली वडिलांसोबत घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आणि ब्रिजला जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. क्वीन बँडची बहुतेक गाणी त्यांनी याच गिटारीवर वाजवली. 1998 साली ती झिजली तेव्हा कारागिराने ती दुरुस्त केली, बदलून टाकली नाही.

म्हणून जो बदल परत फिरवता येतो तो खुशाल करा. पिकअप, बटणं, खुंट्या, ब्रिज, सगळं बदला, पण काढलेला प्रत्येक भाग आणि स्क्रू डब्यात जपून ठेवा. लाकूड कोरायची वेळ आली की थांबा. वेगळ्या मापाचा पिकअप बसावा म्हणून पटाशीने बॉडी खोदलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यावर पुढे कुणाचंच मन बसत नाही. पॉलिश पेपरने रंग घासायचाही मोह आवरा. त्या ओरखड्यांत काकाचा पट्टा आणि अंगठी आहे.

सगळ्यात गंभीर गोष्ट अर्थिंगची. गिटारीच्या तारा ब्रिजमधून वायरने अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात गुणगुण कमी व्हावी म्हणून कुणी अॅम्पच्या थ्री-पिनची जाड पिन काढून टाकतो, माइक दुसऱ्याच बोर्डवरून घेतलेला असतो, आणि गिटार हातात धरून गाणाऱ्याचे ओठ माइकला लागले की शॉक बसतो. असे शॉक जिवावर बेतलेले आहेत. ती पिन कधीही काढू नका. गुणगुण घालवायची तर गिटारीच्या आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडा. स्टेजवर चढण्याआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. जराही लाल दिसला तर मंडळाच्या अध्यक्षाला वाईट वाटलं तरी चालेल, कार्यक्रम थांबवा. टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक असंही धरू नका, अर्थिंग वायरमनकडून तपासूनच घ्या.

हे सगळं काम पोळ्याआधी उरका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार झाली की दोन-तीन दिवसांत गणपती बसतात, आणि मग ना दुरुस्तीवाल्याला वेळ असतो, ना तुम्हाला.